साधनपाद, सूत्रं ४९ ते ५३ : दाभोळहून एक भाष्य

पतंजलींच्या योगसूत्रांत प्राणायामाच्या वाट्याला साधनपादातली जेमतेम पाच सूत्रं आली आहेत. त्यांत भस्त्रिका नाही, भ्रामरी नाही, बऱ्या होणाऱ्या रोगांची यादी तर नाहीच. हे सगळं पुढच्या हठग्रंथांचं. आज प्राणायामाच्या नावावर जे खपतं, ते या पाच सूत्रांशी ताडून पाहावं म्हणून हे भाष्य.

सूत्र ४९. आसन साधलं की श्वास आणि उच्छ्वास यांची चाल तोडायची, तो प्राणायाम, असा आशय. अट आधी आसनाची आहे. पाटावर अवघडून बसायचं, नाक चिमटीत धरायचं आणि पुटपुटत पळीकडे हात न्यायचा, हा आपल्याकडच्या संध्येतला प्राणायाम या अटीवरच अडकतो. दुसरं म्हणजे, सूत्र हवा भरभरून ओढायला सांगत नाही. ते थांबायला सांगतं. दाभोळच्या धक्क्यावर उभ्या माणसाला इथं भरती-ओहोटीचा दाखला सुचणारच: वाशिष्ठीचं पाणी चढून होतं आणि उतरू लागण्याआधी थोडं स्तब्ध राहतं. दाखला निम्माच लागू पडतो. पाणी आपसूक थांबतं. श्वास साधकाला थांबवावा लागतो, आणि तोही झटापट न करता.

सूत्र ५०. पाचांतलं सगळ्यांत भरीव सूत्र हेच. श्वास बाहेर सोडून थांबणं, आत घेऊन थांबणं आणि आहे तिथंच थांबणं, असे तीन प्रकार. ते देश, काळ आणि संख्या यांनी मोजायचे. मोजता मोजता श्वास लांब आणि बारीक होत जातो. म्हणजे प्राणायाम हा मोजमापाचा विषय आहे. ‘देश’ कसा मोजायचा, हे वाचस्पती मिश्रांनी टीकेत सांगितलं आहे. निवाऱ्याच्या जागी नाकापासून वीतभर, हातभर अंतरावर गवताचा हलका तुरा किंवा कापूस धरायचा. तो हलला तर श्वास तिथवर पोचला. वाचस्पती मिथिलेचे, त्यांना निवारा सहज मिळत असेल. इथं धोपाव्याच्या फेरीबोटीची वाट बघत हा प्रयोग केला, तर कापूस श्वासाआधी वाराच घेऊन जाईल. चंडिकादेवीच्या खडकात कोरलेल्या देवळात, समयांच्या उजेडात, तो जमावा.

काळाचं मापही वाचस्पतींनीच दिलं आहे. आपल्या गुडघ्यावरून तीनदा हात फिरवून चुटकी वाजवायची, तेवढा वेळ म्हणजे एक मात्रा. अशा ३६ मात्रांचा पहिला टप्पा मृदू, दुप्पट झाला की मध्यम, तिप्पट झाला की तीव्र. घड्याळ नसतानाची ही शिस्त आहे, आणि तिच्यात घाईला जागा नाही.

श्वास लांबवल्यानं शरीरात काय होतं, हे आता बऱ्यापैकी माहीत आहे. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. ते सहाच्या आसपास आणले, की श्वासाबरोबर होणारा हृदयगतीचा चढउतार मोठा होतो आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त यंत्रणा अधिक तत्पर होते. ‘प्राणायामानं प्राणवायू जास्त मिळतो’ हे वाक्य मात्र आता सोडून द्यावं. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या श्वासानंच ९५ टक्क्यांहून अधिक भरलेलं असतं. आणखी भरणार कुठं? लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम काढून प्रयोगशाळेत योग तपासायला बसलेले स्वामी कुवलयानंदही जादा प्राणवायूला प्राणायामाचं मर्म मानत नव्हते. शंभर वर्षं उलटली, तरी शिबिरांतून तेच वाक्य ऐकू येतं.

सूत्र ५१. बाहेर आणि आत या दोहोंच्या पलीकडचा चौथा. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात याचा तिसऱ्याशी असलेला फरक नेमका सांगितला आहे: तिसऱ्यात श्वास एका प्रयत्नासरशी थांबतो, चौथा मात्र आधीच्या पायऱ्या क्रमानं जिंकल्यावर येतो. नवशिक्यानं इथं रेंगाळू नये.

सूत्रं ५२ आणि ५३. फळं दोनच: प्रकाशावरचं आवरण झिजतं आणि मन धारणेला लायक होतं. पहिल्याचा खुलासा करताना व्यास जुन्या वचनाच्या आधारानं प्राणायामाला सर्वांत मोठं तप ठरवतात. इथं योगशास्त्र धर्मशास्त्राला येऊन मिळतं. दापोलीला शाळा शिकलेल्या पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात योगाचा स्वतंत्र विचार केला, तो उगाच नाही. दुसरं फळ मला जास्त विश्वासार्ह वाटतं, कारण ते पडताळता येतं. उच्छ्वास लांबवत दहा मिनिटं बसून मग एखाद्या कामावर मन ठेवून पाहावं.

आरोग्याचा शब्द या दोन्ही सूत्रांत नाही. हठप्रदीपिकेत तो आहे, पण तिथं इशाराही आहे: चुकीच्या अभ्यासानं उचकी, दमा, खोकला, डोकेदुखी मागे लागते. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रोग्यानं कुंभकाच्या, म्हणजे श्वास रोखण्याच्या, वाटेला परस्पर जाऊ नये. त्याला लांब, सावकाश श्वास पुरे. पतंजली तर ५४व्या सूत्रात श्वासाचा विषय सोडून प्रत्याहाराकडे, म्हणजे इंद्रियं आवरण्याकडे, वळलेही आहेत.