देवनागरी मुद्राक्षरे, ठळक तिरपी
देवनागरी मुद्राक्षरे, ठळक तिरपी : सर्व रेषा जाड व जवळजवळ सारख्या रुंदीच्या असून उभे दंड उजवीकडे झुकलेले आहेत, अशी अक्षररूपे. जाहिराती, मालाची वेष्टने, भित्तिपत्रके व वृत्तपत्रांतील उपमथळे यांत ती विशेषेकरून आढळतात. हे रूप रोमन मुद्रणातून आले.

रोमन लिपीत तिरपी अक्षरे १५०१ मध्ये व्हेनिस येथे आल्डस मॅन्युशियस याने प्रचारात आणली. त्यांचे ठसे फ्रांचेस्को ग्रिफो याने कोरले होते. त्या काळच्या जलद हस्तलेखनाचे वळण त्यांत उतरले होते. सॅन्स-सेरिफ, म्हणजे टोकांना आडव्या बारीक रेघा नसलेली अक्षरे, लंडनच्या विल्यम कॅझलन (चौथा) याच्या १८१६ च्या नमुन्यात दिसतात. जाड अक्षरांचा प्रसार त्याच शतकातील जाहिरातींमुळे झाला.

मराठीची स्थिती वेगळी होती. येथे जलद लेखनाचे काम मोडी करीत असे आणि मोडी ही स्वतंत्र लिपीच होय. विल्यम कॅरीचा १८१० चा मराठी शब्दकोश श्रीरामपूरला मोडी मुद्राक्षरांत छापला गेला. पण पुढे मराठी मुद्रण देवनागरीत स्थिरावले. त्यामुळे तिरप्या रूपासाठी आधार घ्यावा असे देवनागरीचे स्वतःचे धावते वळण मुद्रकांजवळ नव्हते. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याची सुबक अक्षरे बोरूच्या जाड-बारीक वळणाची व उभी होती. शब्दावर जोर द्यावयाचा झाल्यास तो जाड टायपात किंवा एकेरी अवतरणचिन्हांत घालीत, आणि ही सोय पुरेशी होती. खिळ्यांच्या जुळणीत तिरपेपणा गैरसोयीचाही होता. कारण खिळा चौकोनी असल्याने झुकलेला भाग त्याबाहेर येई व मोडे.

सॅन्स-सेरिफ ही कल्पनाही देवनागरीला तंतोतंत लागू पडत नाही. तिच्यात रोमनसारखे सेरिफ नसतातच. बोरूचा जाड-बारीक भेद पुसला, की त्याच्या जवळचे रूप मिळते. मात्र ते ठळक केल्यावर अक्षरांची पोटे बुजू लागतात. ‘आंबोली’ हा शब्द पाहावा. ब च्या पोटातील रेघ जाडीत लोपली, तर तो व सारखा दिसतो. त्यातच अक्षरे झुकविली, तर अनुस्वार ब कडे व ओकाराची मात्रा ल कडे सरकते. वेष्टनावर हे खपून जाते. धुके व पाऊस यांनी वेढलेल्या आंबोली घाटातील दिशाफलकावर मात्र उभी, मध्यम जाडीची अक्षरेच हवीत.

संगणकाने खिळ्याची अडचण दूर केली, पण अक्षर केवळ कळ दाबून झुकविण्याची सवयही लावली. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचा विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ टंक उभाच होता. त्यास तिरपे करीत असे ती आज्ञावली. असे यांत्रिक झुकविणे म्हणजे आरेखन नव्हे. त्यात वेलांट्यांचे गोल चेपतात आणि दंडांची जाडी बिघडते. एक टाइपच्या ‘मुक्ता’ टंकात जाडीच्या सात श्रेणी असून तिरपे रूप मुळीच नाही. याउलट इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘पॉपिन्स’ (२०१४) या देवनागरी-रोमन टंककुलात ठळक तिरपे रूपही उपलब्ध आहे.