हॉलमध्ये उडणारं ४२ ग्रॅमचं विमान: बनवायचं कसं, ट्यून करायचं कसं?

तुमच्या हातातला फोन साधारण १९० ग्रॅमचा असेल. आज ज्या विमानाबद्दल सांगणार आहे, तशी चार विमानं मिळूनही त्याच्यापेक्षा हलकी भरतील. हे खेळण्यातलं विमान नाही बरं का. मोटर, बॅटरी, रेडिओ, दोन सर्व्हो, सगळं त्यात आहे आणि ते बॅडमिंटन हॉलच्या आत, माणूस जॉगिंग करतो त्याच्यापेक्षा थोड्याशाच वेगाने उडतं.

मी दिवसभर कोड लिहितो. तिथे चूक झाली तर मागच्या व्हर्जनवर जाता येतं. माझं पहिलं विमान भिंतीवर आदळलं तेव्हा मागचं व्हर्जन वगैरे काही नव्हतं, फक्त फोमचा चुरा होता. ते विमान ६८ ग्रॅमचं होतं. दुसरं ४२ ग्रॅमचं केलं आणि ते उडालं. या २६ ग्रॅमची गोष्ट म्हणजेच हा लेख समजा.

वजनाचा एवढा बाऊ कशासाठी?

विमान हवेत राहण्यासाठी एक किमान वेग लागतो. त्याच्या खाली गेलं की पंख हवा 'सोडतो' आणि विमान खाली बसतं. याला स्टॉल म्हणतात. पंखाच्या प्रत्येक चौरस डेसिमीटरवर, म्हणजे १० सेंमी × १० सेंमीच्या तुकड्यावर, किती ग्रॅम भार येतो याला विंग लोडिंग म्हणतात आणि स्टॉलचा वेग या आकड्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो.

माझ्या विमानाचा पंख ६० सेंमी लांब आणि १४ सेंमी रुंद आहे, म्हणजे ८.४ चौरस डेसिमीटर. ४२ ग्रॅमला लोडिंग बरोबर ५ येतं. गणित केलं तर स्टॉलचा वेग सेकंदाला सुमारे ३.३ मीटर, म्हणून उडवायचं साधारण ४ मीटरने. तोच पंख ६८ ग्रॅमला लावला की स्टॉल ४.२ वर जातो आणि उडवावं लागतं ५ मीटरच्या पुढे.

फरक किरकोळ वाटतो ना? मलाही वाटला होता. पण वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते. विमान ३० अंश कललेलं असेल तर ४२ ग्रॅमवाल्याला पूर्ण गोल फिरायला साडेपाच मीटरच्या आसपास व्यासाची जागा पुरते, ६८ ग्रॅमवाल्याला ९ मीटरच्या वर लागते. बॅडमिंटनचं एक कोर्ट १३.४ मीटर लांब आणि ६.१ मीटर रुंद असतं. आमच्या हॉलमध्ये अशी दोन कोर्टं शेजारी शेजारी आहेत, मोकळी रुंदी १५ मीटर धरा. मधोमध गोल फिरवलं तर जड विमानाला दोन्ही बाजूंना ३ मीटरपेक्षाही कमी उरतं, म्हणजे चूक झाल्यावर भिंतीपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या जरासं जास्त. हलक्याला सव्वा सेकंदाच्या आसपास मिळतो. शिकणाऱ्याचं अंगठ्याशी आणि डोक्याशी भांडण चालू असताना हा अर्धा-पाऊण सेकंद फार मोलाचा असतो.

सामान काय आणि कुठे किती ग्रॅम जातात?

बॉडीसाठी ३ मिमी जाडीची डेप्रॉन शीट घ्या, हॉबीच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. हे गणपतीच्या मखराचं दाणेदार थर्माकोल नाही. (ते आणि थर्माकोलची ताटं-वाट्या तशाही २०१८ च्या बंदीपासून महाराष्ट्रात चालत नाहीत.) डेप्रॉन गुळगुळीत असतो, दाणे सुटत नाहीत, नव्या ब्लेडने स्वच्छ कापतो. माझ्या वजनकाट्यावर १० × १० सेंमीचा तुकडा १.१ ग्रॅम भरला. पंख, शेपूट आणि चपटी बॉडी मिळून फोम १५ ग्रॅम.

चपटी बॉडी, म्हणजे बाजूने पाहिलं तर विमान, समोरून पाहिलं तर एक रेघ. दिसायला गरीब, पण चार भिंतींची पेटी केली की वजन तिप्पट होतं. पंख मात्र अगदी सपाट ठेवू नका. फोम गरम पाण्याच्या पाइपवर हलक्या हाताने वाकवून मध्ये ५-६ मिमीचा बाक द्या. आपला पंख इतका लहान आणि इतका हळू असतो की मोठ्या विमानासारखा जाड पंख इथे नीट चालतच नाही. पातळ, बाकदार पत्रा चालतो.

पंखाखाली आणि शेपटीपर्यंत १ मिमीचे कार्बन रॉड. मीटरला सव्वा ग्रॅम फक्त, मला दोन मीटर लागले. ८.५ मिमी व्यासाची कोअरलेस मोटर, तिचा छोटा गिअरबॉक्स आणि १२५ मिमीचा प्रोपेलर मिळून ९ ग्रॅम. रिसीव्हर, मोटर कंट्रोल आणि दोन सर्व्हो एकाच पट्टीवर असलेली 'ब्रिक' ४ ग्रॅम. १५० एमएएचची एका सेलची लिपो बॅटरी साडेचार. उरलेले सात ग्रॅम चाकं, तार, टेप आणि गोंद खातात.

गिअरबॉक्स कशाला, बंद पडलेल्या खेळण्यातल्या ड्रोनची मोटर आणि प्रोपेलर थेट लावला तर? चालेल, पण बॅटरी लवकर संपेल. थोड्या हवेला जोरात ढकलण्यापेक्षा जास्त हवेला हळू ढकलणं स्वस्त पडतं. ७५ मिमीच्या प्रोपेलरला जो जोर द्यायला कागदावर १.२ वॉट लागतात, तोच १२५ मिमीचा ०.७ वॉटमध्ये देतो. आपल्याला सरळ उडायला १० ग्रॅमच्या आसपास ओढ पुरते, वर चढायला २५ असली की बास.

गोंदाचं मात्र लक्षात ठेवा. साधा सुपरग्लू हा फोम विरघळवतो. माझ्या पहिल्या पंखाला मधोमध रुपयाएवढं भोक पडलं होतं. बाटलीवर 'फोम-सेफ' लिहिलेलं घ्या आणि थेंब मोजून टाका. हॉट ग्लू गन मजबूत आहे, पण जरा हात सुटला की दोन ग्रॅम गेलेच.

स्टिकरचं प्रकरण

पहिल्या विमानात माझी बारा वर्षांची भाची पार्टनर होती. कापाकापी माझी, रंगकाम तिचं. तिने शेपटीवर मनापासून स्टिकर लावले, चमकीवाले. काट्यावर ठेवलं तर ३ ग्रॅम. मी म्हटलं, जाऊ दे, ३ ग्रॅमने काय होतंय.

होतं असं, की शेपूट गुरुत्वमध्यापासून ३० सेंमी मागे आणि नाक १२ सेंमी पुढे. जत्रेतल्या सी-सॉसारखं. मागे १ ग्रॅम वाढला की तोल राखायला पुढे अडीच ग्रॅम शिसं लावावं लागतं. तीन ग्रॅम स्टिकरला साडेसात ग्रॅम शिसं, म्हणजे एकूण साडेदहा. ६८ मधले साडेदहा ग्रॅम असे गेले होते. बाकीचे जाड बॉडीत आणि गोंदात.

दुसऱ्या विमानाच्या वेळी मी सरळ सांगितलं, स्टिकर नाहीत. दोन दिवस मामाशी बोलणं बंद. शेवटी परमनंट मार्करने रंगवायची तडजोड झाली. संपूर्ण पंखावर वाघाचे पट्टे काढून झाल्यावर वजन केलं, काट्यातला आकडा हलला नाही. माझा काटा ०.१ ग्रॅमपर्यंत मोजतो.

ट्यूनिंग: आधी मोटरशिवाय

तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर हवा. आपल्या १४ सेंमीच्या पंखात ३.५ ते ४.२ सेंमी. सुरुवात ३.५ पासून करा. दोन बोटांवर त्या रेषेत धरलं की विमान आडवं राहिलं पाहिजे. शिसं लावण्याआधी बॅटरी पुढे-मागे सरकवून बघा, तीच तुमचं फुकटचं शिसं आहे.

मग गादी टाका आणि खांद्याच्या उंचीवरून हळूच, आडवं सोडा. फेकू नका. नाक वर करून, थांबून, धपकन पडलं तर तोल मागे आहे किंवा एलिव्हेटर वर आहे. नाकावरच गेलं तर उलट. दरवेळी एकच गोष्ट बदला. डिबगिंगचा नियम इथेही तोच.

या विमानात एलेरॉन नाहीत, वळण रडरनेच घ्यायचं. म्हणून पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे थोडे वर उचललेले हवेत, प्रत्येक टोक सुमारे ५ सेंमी वर. रडर दिला की पुढे आलेला पंख उचलला जातो आणि विमान आपोआप कलतं. हा बाक कमी ठेवला तर विमान बोटीसारखं आडवं घसरत राहतं.

मोटर लावल्यावर आणखी एक गंमत. प्रोपेलर मागून पाहता उजवीकडे फिरत असेल तर विमान डावीकडे कलायला बघतं. त्यासाठी मोटर २-३ अंश उजवीकडे आणि तेवढीच खाली वळवून बसवा. गिअरबॉक्समुळे प्रोपेलर मोटरच्या उलट फिरतो, हे विसरून मी एक संध्याकाळ घालवली. ब्रशवाल्या मोटरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की काम होतं.

तुमचा फोन इथे कामाला येतो

रिमोट म्हणून नाही. ते मी करून पाहिलं, वाय-फाय बोर्ड आणि ॲप लिहून. काचेवर अंगठ्याला काही जाणवत नाही, त्यामुळे नजर सारखी स्क्रीनवर जाते. शिवाय चाचणीत कॉल आला, ॲप मागे गेलं आणि मोटर चालूच राहिली, नशीब विमान टेबलावर होतं. २.४ गिगाहर्ट्झचा साधा, दांड्यांचा ट्रान्समीटर घ्या आणि सिग्नल तुटला की मोटर बंद होते ना, ते पहिल्यांदा तपासा.

पण मोजमापाला फोनसारखं यंत्र नाही. आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही फुकट ॲप घ्या आणि मोटर चालू करून फोन जवळ धरा. दोन पात्यांचा प्रोपेलर एका फेरीत दोनदा हवा कापतो, म्हणून जो ठळक कमी सूर दिसेल त्याला दोनने भागा, ६० ने गुणा. २०० हर्ट्झ म्हणजे मिनिटाला ६००० फेरे. वरचे तीक्ष्ण सूर गिअरच्या दातांचे, ते सोडा. माझा सूर एके दिवशी २२० वरून १८० वर आला. बॅटरी पूर्ण भरलेली. गिअरच्या दांड्याभोवती एक लांब केस गुंडाळलेला निघाला. कुणाचा ते विचारलं नाही.

स्लो मोशन व्हिडिओही काढा. डोळ्याला 'एकदम पडलं' एवढंच दिसतं, व्हिडिओत कुठला पंख आधी खाली गेला ते दिसतं. दरवेळी तोच पंख जात असेल तर तो वाकडा आहे.

बॅटरीच्या बाबतीत गंमत नको

फोनचा ॲडॉप्टर फक्त ५ व्होल्टच्या आसपास देतो, चार्जिंग सांभाळणारं सर्किट फोनच्या आत असतं. या उघड्या सेलला तसलं काही नसतं. म्हणून केबल कापून थेट जोडणं म्हणजे आगीला आमंत्रण. एका सेलचा लिपो चार्जर वापरा, साध्या लिपोला ४.२ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका. १५० एमएएचच्या सेलला १५० मिलिअँपिअर करंट ठेवा, तासाभरात भरतो. झोपताना लावून ठेवायचा नाही. फुगलेला सेल परत वापरायचा नाही, ई-कचऱ्यात द्यायचा. ठेवून द्यायचा असेल तर ३.८ व्होल्टवर ठेवा. उड्डाण ६ मिनिटांवर थांबवतो मी, टायमर लावून.

कायद्याचं म्हणाल तर ड्रोन नियम, २०२१ मध्ये २५० ग्रॅमपर्यंतचं यान 'नॅनो' गटात येतं आणि त्याला पायलट लायसन्स लागत नाही. हॉलवाल्यांची परवानगी मात्र लागते. आम्हाला रविवारी सकाळी बॅडमिंटनची बॅच यायच्या आधीचा अर्धा तास मिळाला. पंखे बंद करायला सांगा. पंख्याचा झोत सेकंदाला दोन मीटर असला तरी तुमच्या विमानाच्या वेगाचा तो निम्मा आहे.

त्या रविवारी ट्रान्समीटर भाचीच्या हातात होता. दांड्यांची हालचाल निम्मी केली होती, मधल्या भागात आणखी मऊ. मी विमान सोडलं. पहिल्या वळणाला तिने रडर जास्त दिला, नाक खाली गेलं, मी ओरडायच्या आत तिने दांडी मधे आणली आणि विमान स्वतःच सरळ झालं. अकरा फेऱ्या झाल्या. बाराव्या फेरीला ते नेटमध्ये अडकलं, चाकाची तार वाकली, बाकी काही झालं नाही.

आता पुढची यादी तयार आहे. चाकं काढून टाकली तर ३ ग्रॅम वाचतात आणि उतरवायला गादी आहेच. तिचं म्हणणं, त्या वाचलेल्या ३ ग्रॅमचे स्टिकर लावू. मी म्हटलंय, लावू, पण नाकावर.