डोळा, हात आणि मॉलिन्यूचा प्रश्न

जन्मांध माणसाला चौकोनी ठोकळा आणि गोळा यांतील फरक हाताने चाचपून कळतो. उद्या त्याला दृष्टी आली, तर स्पर्श न करता, केवळ पाहून ठोकळा कोणता आणि गोळा कोणता, हे त्याला सांगता येईल काय? डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ मध्ये हा प्रश्न पत्राद्वारे तत्त्वज्ञ जॉन लॉक यांच्यापुढे मांडला. मॉलिन्यू यांच्यासाठी अंधत्व हा केवळ चर्चेचा विषय नव्हता. त्यांच्या पत्नीची दृष्टी विवाहानंतर लवकरच गेली होती. १६९४ मध्ये लॉक यांनी आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत या प्रश्नाला स्थान दिले.

दोघांचेही उत्तर नकारार्थी होते. लायब्निझ यांना मात्र वाटे की, समोर याच दोन वस्तू आहेत एवढे सांगितले, तर तो तर्काने ओळखेल. गोळ्याला कोपरे नसतात, हे हाताप्रमाणे डोळ्यालाही उमगते.

भारतीय दर्शनांतही हा विषय येतो. जे पाहिले त्यालाच मी स्पर्श करतो, म्हणून ज्ञाता इंद्रियांहून वेगळा आहे, अशा युक्तिवादाने न्यायसूत्रांचा तिसरा अध्याय सुरू होतो. नैयायिकांनी गृहीत धरलेला हा डोळ्या-हाताचा मेळ उपजत असतो की अनुभवाने जमतो, हीच तर मॉलिन्यू यांची शंका!

१७२८ मध्ये लंडनचे शल्यविशारद विल्यम चेसल्डन यांनी दृष्टी लाभलेल्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. सर्व वस्तू डोळ्यांना चिकटल्या आहेत, असे त्याला आरंभी वाटे. मांजर ओळखण्यासाठी त्याला ते हाताने चाचपून पाहावे लागले.

पद्धतशीर चाचणी झाली ती दिल्लीत. 'एमआयटी'चे पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये शस्त्रक्रियेने दृष्टी मिळालेल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांना खेळण्यातील ठोकळे दाखवण्यात आले. पाहिलेला ठोकळा पुन्हा पाहून ओळखण्यात ती ९२ टक्के वेळा यशस्वी ठरली. हाताळलेला ठोकळा पाहून ओळखताना हे प्रमाण ५८ टक्क्यांवर आले. नुसता अंदाज केला असता, तरी ५० टक्के उत्तरे बरोबर आली असती. २०११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुन्हा तपासलेल्या मुलांत अवघ्या काही दिवसांत, खास शिकवणीविना लक्षणीय सुधारणा दिसली, ही बाब मूळ उत्तराहूनही विलक्षण म्हणावी लागेल.

अर्थात, ही मुले पूर्ण अंध नव्हती; त्यांना प्रकाशाची जाणीव होती. त्यामुळे तत्त्वज्ञांचा वाद मिटलेला नाही. पाचांपैकी बहुतेकांना जन्मजात मोतीबिंदू होता आणि त्यावरील शस्त्रक्रिया तान्ह्या वयातही करता येते.