जिओसिटीज : घरगुती संकेतस्थळांची वसाहत

वेबवर स्वतःचे पान असावे ही हौस वेबइतकीच जुनी आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत पहिले संकेतस्थळ उभारले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्रज्ञान सर्वांना विनामूल्य खुले केले. जानेवारी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजचा विद्यार्थी जस्टिन हॉल याने आपले पान सुरू केले. त्यावर आधी इतरांच्या पानांचे दुवे होते. पुढे तो स्वतःच्या आयुष्याविषयी आणि वेबवर जे जे घडत होते त्याविषयी लिहू लागला. पण पान ठेवायला सर्व्हर लागत असे, आणि तो बहुधा विद्यापीठात किंवा संगणक कंपनीत असलेल्यांनाच मिळे. बाकीच्यांनी जायचे कुठे, हा प्रश्न उरलाच होता.

त्याला सर्वांत मोठे उत्तर दिले ते जिओसिटीजने. डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी १९९४ च्या अखेरीस कॅलिफोर्नियात ‘बेव्हर्ली हिल्स इंटरनेट’ ही कंपनी काढली. पुढच्याच वर्षी तिने कोणालाही फुकट पान द्यायला सुरुवात केली आणि जिओसिटीज हे नाव घेतले. पाने विषयवार वस्त्यांमध्ये मांडलेली होती. रॉक संगीताला सनसेटस्ट्रिप, विज्ञानकथांना एरिया ५१, संगणकाला सिलिकॉनव्हॅली, तत्त्वज्ञान व साहित्याला अथेन्स, घरसंसार आणि पाळीव प्राण्यांना हार्टलँड. नव्या माणसाने वस्ती निवडायची आणि रिकामा चार आकडी घर क्रमांक घ्यायचा; तोच त्याचा वेबवरचा पत्ता. वस्ती भरली की तिला उपनगर जोडले जाई. रहिवाशांना ‘होमस्टेडर’ म्हणत. वस्तीवर लक्ष ठेवायला आणि नवख्यांना मदत करायला त्यांच्यातलेच स्वयंसेवक असत. फुकट जागा द्यायला इतर कंपन्याही पुढे आल्या, पण जिओसिटीजची ओळख ठरला तो हा शेजार.

यातले एखादे पान उघडले की काळ्या पार्श्वभूमीवर तारे दिसत. एक छोटेसे चित्र आडवे-उभे शेकडो वेळा जोडून हे आकाश तयार होई, कारण मोठे चित्र टेलिफोनच्या तारेवरून यायला फार वेळ लागे. वर स्वागताची पाटी, खाली फावडे मारणाऱ्या मजुराचे हलते चित्र आणि ‘काम चालू आहे’ अशी सूचना. मधे मालकाचा परिचय, मांजराचा फोटो, आवडत्या गायकाची माहिती. मागे मिडी फाइलचे कर्कश संगीत. तळाशी भेट देणाऱ्यांची संख्या सांगणारा काउंटर आणि अभिप्रायासाठी गेस्टबुक. यातले बरेचसे एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेत हाताने लिहिलेले असे. दुसऱ्याचे पान आवडले तर ब्राउझरमधून त्याचा मूळ कोड पाहायचा, उतरवून घ्यायचा, रंग बदलायचे, नाव बदलायचे. हजारो लोक संगणकाची भाषा शिकले ते असे, कोणत्याही वर्गात न जाता.

शोधयंत्रे तेव्हा कच्ची होती. त्यामुळे एका विषयाची पाने ‘वेबरिंग’मध्ये एकत्र येत. प्रत्येक पानाच्या तळाशी पुढच्या आणि मागच्या पानाचा दुवा असे आणि फिरत फिरत वाचक पुन्हा पहिल्या पानावर पोचे. कोणते पान वाचण्याजोगे आहे, हे दुसरा पानवाला सांगत होता. या व्यवस्थेचे मोल ती गेल्यावरच नीट कळले.

मराठी माणसाला या वसाहतीत शिरायला दोन अडथळे होते. पहिला जोडणीचा. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. तोवर वेबवरचे मराठी बहुतांशी परदेशात शिकणाऱ्या-नोकरी करणाऱ्यांचे होते. दुसरा अडथळा लिपीचा. देवनागरी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून होती, पण साध्या संगणकांवर ती दिसू लागायला २००० साल उजाडावे लागले. तोवर प्रत्येक संकेतस्थळाचा फॉन्ट वेगळा. तो उतरवून घेतला नाही तर कवितेच्या जागी रोमन अक्षरांचा अगम्य खच दिसे. म्हणून कोणी रोमन लिपीत मराठी लिहीत, कोणी मजकुराचे चित्र करून लावत. १९९६ मध्ये सुरू झालेले मायबोली हे मराठी संकेतस्थळ याच अडचणींतून वाढले. फॉन्टवर विसंबून लिहिलेली त्या काळची पाने आज जपलेली असली, तरी शोधयंत्राला त्यातला मराठी शब्द सापडत नाही. हे नुकसान मोठे आहे आणि त्याची पुरेशी दखल अजून घेतली गेलेली नाही.

जिओसिटीज ऑगस्ट १९९८ मध्ये शेअर बाजारात आली. सभासदांची माहिती जाहिरातदारांना दिल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याच महिन्यात तिच्याशी समझोता केला. इंटरनेटवरील खासगीपणाचे त्या आयोगाने हाताळलेले हे पहिले प्रकरण. जानेवारी १९९९ मध्ये याहूने ती सुमारे ३.६ अब्ज डॉलरच्या शेअरच्या बदल्यात घ्यायचे जाहीर केले. व्यवहार पुरा होताच जूनमध्ये नव्या अटी आल्या. पानांवरचा मजकूर कायमचा, रद्द न होणाऱ्या परवान्याने आणि मोबदला न देता वापरण्याचा हक्क याहूने त्यांत मागितला. रहिवासी खवळले, कित्येकांनी आपली पाने काढून टाकली, आणि काही दिवसांतच याहूला अटी सौम्य कराव्या लागल्या. भांडण रहिवाशांनी जिंकले, पण घराखालची जमीन कोणाची याचा निकाल तेव्हाच लागला होता. त्याच वर्षी वस्त्या आणि घर क्रमांकही मोडीत निघाले. नव्या पानांना सभासदाच्या नावाचे पत्ते मिळू लागले.

ऑगस्ट १९९९ मध्ये ब्लॉगर सुरू झाले. रोजची नोंद लिहायला कोड शिकण्याची गरज उरली नाही. मग मायस्पेस आणि फेसबुक आले, आणि तयार साच्यात फोटो टाकणे सोपे झाले. जिओसिटीजवरची पाने तशीच पडून राहिली. एप्रिल २००९ मध्ये याहूने सेवा बंद करण्याचे जाहीर केले आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी ती बंद केली.

त्या सहा महिन्यांत जेसन स्कॉट यांच्या पुढाकाराने जमलेल्या ‘आर्काइव्ह टीम’ने मिळतील तितकी पाने उतरवून घेतली. इंटरनेट आर्काइव्हनेही स्वतंत्रपणे संग्रह केला. आर्काइव्ह टीमची प्रत वर्षभराने सर्वांसाठी खुली झाली. तिचा आकार सुमारे ६४० जीबी होता. ज्या मजकुराला हौशी, भडक म्हणून हिणवले जात होते, तो वाचवायला स्वयंसेवक पुढे आले.

या पानांना संस्कृतीचा दर्जा दिला तो ओलिया लियालिना यांनी. मॉस्कोत जन्मलेल्या आणि जर्मनीतल्या श्टुटगार्ट येथे शिकवणाऱ्या या कलावतीने २००५ मध्ये ‘अ व्हर्नाक्युलर वेब’ हा निबंध लिहिला. तारे, मजुराचे चित्र, स्वागताची पाटी या प्रत्येक गोष्टीकडे त्यांनी लोककलेच्या अभ्यासकाने पाहावे तसे पाहिले. ‘काम चालू आहे’ ही पाटी त्यांना अर्धवटपणाची कबुली वाटली नाही. पान सतत वाढत राहणार, असे आश्वासन त्यांना तिच्यात दिसले. आपले सहकारी ड्रागान एस्पेनशीड यांच्याबरोबर त्यांनी आर्काइव्ह टीमची प्रत उतरवून घेतली आणि २०१३ पासून जुन्या ब्राउझरमध्ये ती पाने जशी दिसत तशी त्यांची चित्रे दर वीस मिनिटांनी एक या क्रमाने प्रसिद्ध केली.

२०१३ मध्येच काइल ड्रेक यांनी ‘निओसिटीज’ ही फुकट पाने देणारी सेवा सुरू केली, आणि पानाचा कोड स्वतः लिहिण्याची रीत नव्या पिढीच्या हाती आली. जपानमध्ये मूळ नावाची वसाहत आणखी काही वर्षे टिकली. याहू जपानने ती ३१ मार्च २०१९ रोजी बंद केली.