मोरसला निघताना

साल १८५३. दिवाळी होऊन गेली आहे, भात झोडून झालं आहे आणि तुमच्या खळ्यात दोन राशी पडल्या आहेत. एक तुमची, एक खोताची. रत्नागिरीच्या या मुलखात अर्धेल कुणाला चुकलेलं नाही. वरकस जमिनीतल्या नाचणी-वरीचा तिसरा हिस्सा त्याने आधीच नेला. तुमच्या राशीतून सावकाराचं देणं वजा करा, बियाणं बाजूला काढा. उरलेलं शिमग्यापर्यंतही पुरणार नाही.

मुंबईला जावं, तर तुमच्या गावच्या पुढच्या पिढ्यांना जी गिरणी पोटाला लावेल ती अजून उभीच नाही. शहरातल्या पहिल्या कापड गिरणीची जुळवाजुळव १८५४ मध्ये सुरू होईल, धुराडं १८५६ मध्ये पेटेल. तुम्ही दोन-तीन वर्षं आधी निघाला आहात. मजूर गोळा करणारा मुकादम सांगतो आहे त्या बेटावर मात्र महिना पाच रुपये आहेत, वर तांदूळ, डाळ, तूप, मीठ. साखरेचं बेट, मोरस, म्हणजे मॉरिशस. तिथे पोचायला किती दिवस लागतात, हे तो नीट सांगत नाही.

निघण्याआधी तुम्ही ग्रामदेवतेसमोर उभे राहता. गुरव पाषाणावर पाण्याने भिजवलेल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. सगळे गप्प. उजवीकडची कळी सुटून खाली पडते, म्हणजे होकार. म्हातारी आई पदर तोंडाला लावते. तिला डावा कौल हवा होता, हे तुम्हाला कळतं.

पाखाडी उतरून बंदरावर या. गलबताने मुंबई. भाऊच्या धक्क्यावर पाय लागतात. अवघ्या बारा वर्षांपूर्वी बांधलेला हा धक्का, त्याच्याआधी लोक चिखल तुडवत होडीतून उतरत. याच वर्षीच्या एप्रिलपासून बोरीबंदराहून ठाण्याला आगगाडी जाते, सगळं शहर तिच्याबद्दल बोलतं आहे. तुम्हाला ती बघायला सवड मिळणार नाही. तुम्हाला एका अधिकाऱ्यापुढे उभं केलं जातं. १८४२ च्या कायद्यानुसार त्याचं काम एवढंच, की तुम्ही राजीखुशीने चालला आहात ना, हे विचारायचं. तुम्ही हो म्हणता.

या ‘हो’बद्दल मला थांबून बोलायचं आहे. गिरमिटियांना, म्हणजे करारावर गेलेल्या मजुरांना, फसवून नेलं, असं आपण एका वाक्यात सांगून मोकळे होतो. फसवणूक झाली, भरपूर झाली. पण रिकाम्या खळ्यातून उठून अंगठा उठवणाऱ्या माणसाला निव्वळ भोळा ठरवणं हा त्याच्यावर आणखी एक अन्याय आहे. त्याने हिशेब केला होता. मुकादमाने त्याला हिशेबातल्या निम्म्या रकमा दाखवल्या नव्हत्या, हा दोष त्याचा नव्हे.

जहाजावरचे आठवडे सांगत बसत नाही. बोट लागते, पाणी मोजून मिळतं, जातीपातीची पंगत तिसऱ्या दिवशी मोडते. शेजारी झोपणारा तेलंगी असेल नाहीतर कानडी. पुढे आयुष्यभर तो तुमचा जहाजी भाई.

मग पोर्ट लुईचं बंदर. काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या चढून तुम्ही डेपोत येता. ही जागा १८४९ मध्ये उभी राहिली. आज तिला आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून ती जागतिक वारसा आहे. १८३४ पासून पुढे साडेचार लाखांहून अधिक हिंदी माणसं मॉरिशसला पोचली. तुम्ही त्यांतले एक. टेबलापलीकडचा कारकून विचारतो: नाव? बापाचं नाव? जात? जिल्हा? गाव?

इथे घाई करू नका. तुमच्या नावाचं तो काय करेल ते सांगता येत नाही. कानाला येईल तसं, परक्या लिपीत तो ते लिहून घेणार. निदान गावाचं नाव तरी दोनदा सांगा, सावकाश सांगा. वाडीसुद्धा सांगा. तुम्हाला एक नंबर मिळेल आणि मळ्यावर तोच तुमची ओळख होईल.

मळ्यावर उसाआधी दगड आहेत. ज्वालामुखीचे काळे दगड वेचून रचायचे, मग लावण. त्या राशी मॉरिशसच्या उसात आजही उभ्या दिसतात. एक दिवस तापाने पडलात, तर दोन दिवसांचा पगार कापतात. ‘डबल कट’ म्हणतात त्याला. मुकादमाने न दाखवलेली रक्कम हीच. येत्या वर्षी, १८५४ मध्ये, बेटावर पटकी पसरेल. त्यातून वाचलात तरी घरी परतणं सोपं नाही, कारण फुकट परतभाड्याची सवलत याच सुमारास बंद होते आहे.

तुम्ही राहता. तुमची पतवंडं क्रिओल बोलतात, पण झाकरीचा फेर धरतात. गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. व्हाकोआ, कास्काव्हेलच्या बाजूला मराठी देवळं उभी आहेत.

डेपोतली दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेली आहेत. मॉरिशसचे लोक तिथे पणजोबाचा नंबर घेऊन जातात आणि गावाचं नाव लिहून घेतात. त्यांतलं कुणी मोडकंतोडकं स्पेलिंग हातात घेऊन आज कोकणातल्या तुमच्या वाडीत आलं, तर ‘असं गाव इथे नाही’ म्हणून त्यांना परत पाठवू नका. नाव मोठ्याने वाचायला सांगा, वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बोलवा, आणि चार गावं पालथी घालावी लागली तरी सोबत जा.