जुन्या गिटार कॅबिनेटचा तुटलेला बिल्ला बदलताना

गिटारच्या जुन्या स्पीकर कॅबिनेटवर सर्वप्रथम नजर जाते ती त्याच्या बिल्ल्यावर, म्हणजे कंपनीचे नाव कोरलेल्या दर्शनी अक्षरचिन्हावर. आवाजाशी या बिल्ल्याचा काहीही संबंध नसतो. तरीही कॅबिनेटचे वय, अस्सलपणा आणि पर्यायाने त्याची किंमत ठरविताना जाणकार याच तुकड्याकडे आधी पाहतात. त्यामुळे मोडका बिल्ला बदलण्याचे वरकरणी किरकोळ वाटणारे काम विचारपूर्वक करावे लागते.

ब्रिटनमधील 'मार्शल' हे याचे ठळक उदाहरण. ड्रमवादक जिम मार्शल यांच्या पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथील दुकानातून १९६२ मध्ये या नावाचा पहिला अ‍ॅम्प्लिफायर बाहेर पडला. त्या काळचे स्पीकर फार ताकद सोसू शकत नसत. त्यामुळे एकाच पेटीत १२ इंचांचे चार स्पीकर बसविण्याची पद्धत रूढ झाली. पुढे 'द हू'चे गिटारवादक पीट टाऊनशेंड यांच्या मागणीवरून आठ स्पीकरचे अवजड कॅबिनेट तयार झाले. ते उचलणाऱ्यांचे हाल पाहून त्याचे दोन भाग करण्यात आले आणि एकावर एक रचलेल्या दोन कॅबिनेटचा प्रसिद्ध 'स्टॅक' रंगमंचावर आला.

या प्रवासात बिल्लाही बदलत गेला. अगदी सुरुवातीचा बिल्ला शवपेटीच्या आकाराचा असल्याने संग्राहक त्याला 'कॉफिन' म्हणतात. त्यानंतर ठाशीव अक्षरांचा बिल्ला आला आणि १९६० च्या दशकाच्या मध्यावर आजही परिचित असलेली वळणदार लिपी आली. अमेरिकेच्या 'फेंडर'चेही तसेच आहे. नावाखालून जाणारी लांब शेपटी १९७० च्या दशकात नाहीशी झाली. त्यामुळे चुकीच्या काळातील बिल्ला लावल्यास जाणकाराच्या ते तत्काळ लक्षात येते आणि मूळ भागांविषयीही शंका उत्पन्न होते.

आधी दुरुस्तीचा विचार

बिल्ले बहुधा वाहतुकीत मोडतात. कॅबिनेट पालथे ठेवले जाते, गाडीत घासते, आणि वर्षानुवर्षे ठिसूळ झालेल्या प्लास्टिकचा एखादा कोपरा किंवा मागची खुंटी निखळते. तुकडे हाती असतील तर ते दोन भाग मिसळून वापरायच्या एपॉक्सी गोंदाने जोडता येतात. प्लास्टिक विरघळविणारे द्रव मात्र टाळावेत. त्यांनी वरचा सोनेरी वा पांढरा रंग जाऊ शकतो. केवळ खुंटी तुटली असेल तर त्या जागी पितळेची बारीक सळई एपॉक्सीने बसविली तरी मूळ बिल्ला वाचतो.

बदलणे अपरिहार्य असल्यास

खरेदीपूर्वी जुन्या बिल्ल्याची लांबी आणि मागच्या खुंट्यांमधील अंतर मोजावे. एकच अक्षरचिन्ह अनेक आकारांत मिळते आणि नव्या प्रतींच्या खुंट्या जुन्या छिद्रांशी जुळतीलच असे नाही. मोठ्या बिल्ल्याच्या जागी लहान बिल्ला लावल्यास जाळीच्या कापडावर जुन्याची फिकट आकृती उघडी पडते, कारण बिल्ल्याखालील कापड ऊन व धुरापासून बचावलेले असते.

काम सुरू करण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे आणि मास्किंग टेपने बिल्ल्याच्या कडा आखून ठेवाव्यात. अ‍ॅम्प्लिफायरकडून येणारी वायर काढावी. नुसत्या कॅबिनेटमध्ये विजेचा धोका नसतो. मात्र अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत असलेल्या 'कॉम्बो'मध्ये वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये घातक दाब साठून राहू शकतो. ती पेटी तंत्रज्ञाकडूनच उघडून घ्यावी. चार स्पीकरच्या कॅबिनेटचे वजन ३५ किलोंच्या आसपास असते, हे लक्षात घेऊन ते दोघांनी हलवावे.

बिल्ला पुढून स्क्रूने बसविला असेल तर काम सोपे असते. खुंट्या आतल्या बाजूने चापांनी अडकविल्या असतील तर मागची फळी उघडावी लागते. ही फळी झटक्याने ओढू नये. अनेक कॅबिनेटमध्ये वायर जोडण्याचा सॉकेट याच फळीवर असतो आणि त्याच्या तारा स्पीकरपर्यंत गेलेल्या असतात. चाप पक्कडीने अलगद काढून खुंट्या आतून पुढे ढकलाव्यात. पुढून स्क्रूड्रायव्हर खुपसून बिल्ला उचकटण्याचा मोह टाळावा. त्यात कापड फाटते आणि हात निसटल्यास स्पीकरचा कागदी पडदाही भोसकला जातो. फाटलेले मूळ कापड हे मोडक्या बिल्ल्यापेक्षा कितीतरी मोठे नुकसान होय.

नवा बिल्ला शक्यतो जुन्याच छिद्रांत बसवावा. नवे छिद्र पाडावेच लागले, तर कापड कापू नये. टोच्याने विणीचे धागे बाजूला सारून वाट करावी. शेवटी फळी लावून, आवाज कमी ठेवून गिटारची सर्वांत जाड तार छेडून पाहावी. बिल्ला सैल असेल तर तो खरखरतो. अशा वेळी मागे फेल्टची पातळ चकती घातली की पुरते.

प्रश्न प्रामाणिकपणाचाही

नव्या बिल्ल्याला मुद्दाम ओरखडे पाडून, चहाच्या पाण्याने पिवळसर करून 'जुना' बनविण्याचे प्रकार चालतात. स्वतःच्या हौसेसाठी तसे करण्यास कोणाची हरकत नसावी. मात्र कॅबिनेट विकताना बिल्ला बदललेला आहे हे सांगितले नाही, तर ती ग्राहकाची फसवणूक ठरते. म्हणूनच काढलेला बिल्ला, तो कितीही मोडका असला तरी, फेकू नये. बदलाची तारीख लिहून तो पाकिटात जपावा आणि कॅबिनेटबरोबर पुढच्या मालकाच्या स्वाधीन करावा. अस्सलपणाचा तो पुरावा नव्या, चकचकीत बिल्ल्याकडे कधीच नसतो.