डमडमची गोळी

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याला बहुतेक जाणकार पोकळ टोकाची गोळी सुचवतात. तिचं कूळ शोधत गेलं, तर वाटेत कोलकात्याजवळचं डमडम लागतं. काडतुसांच्या चरबीची कुजबुज जानेवारी १८५७ मध्ये जिथे उठली, तेच हे ठाणं.

शिकारीच्या बंदुकांत पोकळ टोकाच्या गोळ्या आधीपासून होत्या. ब्रिटिश सैन्यात मात्र ली-मेटफर्ड रायफलीबरोबर पूर्ण धातुकवचाची बारीक, वेगवान गोळी आली. १८९५ च्या चित्राळ मोहिमेनंतर तक्रार सुरू झाली, की ही गोळी आरपार जाते आणि माणूस चालतच राहतो. तेव्हा डमडमच्या शस्त्रागारात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी टोकावरचं कवच काढून आतलं शिसं उघडं ठेवलं. शरीरात शिरताच ते शिसं पसरे आणि जखम भयंकर होई. लगोलग रिव्हॉल्व्हरचीही पाळी आली. १८९८ मध्ये वेब्ली रिव्हॉल्व्हरसाठी दोन्ही टोकांना पोकळ असलेली शिशाची गोळी निघाली. तिचं नावच ‘मॅनस्टॉपर’ होतं.

१८९९ च्या हेग परिषदेत शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर युद्धापुरती बंदी आली. ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी विरोध करताना सांगितलं, की ‘रानटी’ माणूस साध्या गोळीने थांबत नाही. हे वाचून आजही संताप येतो. जखम तीच, पण ज्याच्या अंगावर ती व्हायची त्याला माणसांत धरायचंच नाही, असा तो युक्तिवाद होता. ब्रिटनने बंदी मान्य केली ती १९०७ मध्ये.

पोलिसांना आणि नागरिकांना ही बंदी लागू नव्हती. तिथे निराळं आणि मला पटणारं कारण पुढे आलं: आरपार गेलेली गोळी मागे उभ्या असलेल्या निरपराध्याला लागते. म्हणून .३८ स्पेशल काडतुसातल्या गोल टोकाच्या शिशाच्या गोळीऐवजी १९७० च्या दशकात अमेरिकी पोलीस पोकळ टोकाकडे वळू लागले. पण ती फार लवकर थांबली तरी उपयोग नाही. १९८६ मध्ये मायामीत गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीनंतर एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान १२ आणि फार तर १८ इंच शिरणारी गोळी चांगली, असा दंडक घातला.

दोन इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र गोळीचा वेगच कमी पडतो. कपड्यांचे धागे पोकळीत अडकले, की गोळी पसरत नाही. म्हणून अशा छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी काही अनुभवी नेमबाज अजूनही सपाट तोंडाची, शिशाची जुनी वॉडकटर गोळीच निवडतात.